गौतमीचा रिकामा गड

दोन हजार सातच्या जुलैमध्ये गौतमी ओव्हाळ पुण्यातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गेली, तेव्हा दौंडच्या रेल्वे कॉलनीत ती नेमकं काय शिकते हे धड सांगू शकेल असं कुणी नव्हतं. तिची आई चांगुणा रेल्वेच्या दवाखान्यात आया होती. तिथल्या बायकांनी विचारलं की ती म्हणायची, "कॉम्प्युटरचं हाय. चित्रं काढत्यात त्याच्यावर." वडील विनोद रांजणगावला एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. तिकडंच खोली करून राहायचे, आठवडी सुट्टीला घरी यायचे. खोलीतल्या बिहारी सोबत्यांना ते सांगायचे, "लड़की गेम बनाने का डिग्री कर रही है." सोबती विचारायचे, "बनाने का या खेलने का?" विनोद हसायचे, पण आठवडाभर त्यांच्या मनात तो प्रश्न राहायचा.

आजोबा कोंडिबा मात्र काही विचारत नसत. ते रेल्वेत गँगमन होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. सगळी कॉलनी त्यांना आबा म्हणे. नात भिंतीकडं बघत बसलेली दिसली की ते म्हणायचे, "बघू द्या तिला. अभ्यास चाललाय तिचा."

आणि ते खरंच होतं. बारावीचा निकाल बघायला गौतमी दौंडच्या सायबर कॅफेत गेली होती. निकालाचं पान काही केल्या उघडत नव्हतं. शेजारच्या मशीनवर दोन पोरं बंदुकांचा कसलासा गेम खेळत होती. वाट बघता बघता तिचं लक्ष तिकडं गेलं. पोरं गोळ्या झाडत पुढं धावत होती आणि मागं एक भिंत सरकत चालली होती. त्या भिंतीवर पाइपाच्या खाली ओल आली होती. हिरवट, कडेला काळी पडलेली, अगदी त्यांच्या क्वार्टरच्या मोरीमागं होती तशी. गौतमीला एकदम वाटलं, ही ओल कुणीतरी बसून काढली असणार. आपोआप तर आली नसेल. पोरांना ती दिसतही नव्हती, पण ती नसती तर भिंत खोटी वाटली असती. निकाल चांगला लागला, पण घरी येताना ती बोलत राहिली ती त्या ओलीबद्दल.

पहिलं वर्ष तिला फार मानवलं. पेन्सिल, शाडू, उजेड-सावली, माणसाच्या हातापायांचा अभ्यास. सगळं एकट्यानं करायचं होतं. सकाळच्या शटलनं पुण्याला जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. डब्यात जागा मिळाली की ती समोरच्या बायकांचे चेहरे काढायची. केडगावहून भाजी घेऊन चढणाऱ्या धुरपदामावशी तर हक्कानं मान वळवून बसायच्या आणि उतरताना म्हणायच्या, "दाव बरं, नाक नीट काढलंस का?" वर्ष संपलं तेव्हा तिच्या चेहऱ्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. दुसऱ्या वर्षी गेमसाठी माणसं घडवायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

पण दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, "आता एकट्याचं काम संपलं. या सहामाहीत चौघांचे गट. प्रत्येक गटानं कॉम्प्युटरमध्ये एक जागा उभी करायची. बघणाऱ्याला तिच्यात हिंडता आलं पाहिजे आणि तिथं करायला काहीतरी एक काम पाहिजे. कामं आपापसांत वाटून घ्या. भांडणं झाली तर माझ्याकडे येऊ नका, तोही अभ्यासाचाच भाग आहे."

गौतमीच्या गटात सत्यजीत, स्नेहल आणि आयुष होते. सत्यजीत शिरूर तालुक्यातला, न्हावऱ्याजवळच्या एका गावचा. घरी बागायत, चुलते सोसायटीचे चेअरमन. मोठ्यानं बोलायची आणि आपलं बोलणं ऐकलं जातं याची त्याला लहानपणापासून सवय होती. स्नेहल पुण्याचीच. तिला हालचाल काढायची आवड. जिथं जाईल तिथं लोकांच्या चालण्याची नक्कल करून दाखवायची. आयुष सतत मोबाइलवर असायचा, पण हात चांगला होता.

पहिल्याच बैठकीत सत्यजीत म्हणाला, "गड करू. गडाला वेढा पडलाय, आत मावळे आहेत. गडाचा सांगाडा मी उभा करतो, चालवायचं कोडिंगही मी बघतो. स्नेहल हालचाल. आयुष माणसं. गौतमी, तू बॅकग्राउंड. भिंती, दगड, झाडं. चालेल ना?"

माणसं मला करायची आहेत, हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सत्यजीतनं तोवर कागदावर नावं लिहायला सुरुवातही केली होती. ती म्हणाली, "चालेल."

भिंती तर भिंती, असं ठरवून तिनं जीव ओतून काम सुरू केलं. रविवारी ती भीमेच्या घाटावर जाऊन दगड बघायची. दगडाच्या कोणत्या बाजूला शेवाळ धरतं, पावसाचं पाणी कुठून उतरतं, चुन्याचा लेप कुठून सुटायला लागतो, ते सगळं डोळ्यांत भरून घ्यायची आणि कॉलेजच्या लॅबमध्ये उतरवायची.

अडचण निराळीच निघाली. गौतमीला संध्याकाळची गाडी पकडायला लॅबमधून लवकर निघावं लागे. ती गाडी चुकली की पुढं दौंडला पोचेपर्यंत फार उशीर व्हायचा आणि चांगुणा कॉलनीच्या फाटकात येऊन उभी राहायची. उरलेले तिघं पुण्यात राहणारे, सत्यजीत हॉस्टेलवर. लॅब बंद झाली की ते कँटीनला बसायचे, आणि गटाचे सगळे निर्णय तिथं चहावर व्हायचे. गौतमीला ते दुसऱ्या दिवशी कळायचे. एकदा कळलं, आता गडावर दुपार नाही, संध्याकाळ आहे. तिनं आठवडाभर खपून केलेलं ऊन वाया गेलं. एकदा कळलं, तटाची उंची बदलली. भिंतीवर बसवलेलं तिचं सगळं चित्र ताणलं गेलं, दगड रबरासारखे लांबले.

"तू नव्हतीस ना, म्हणून ठरवून टाकलं," सत्यजीत म्हणायचा. त्याच्या बोलण्यात खोट नसायची, त्याला खरंच तसं वाटायचं.

"चालेल," गौतमी म्हणायची आणि पुन्हा करायला बसायची.

सप्टेंबरात पहिली तपासणी झाली. सरांनी गड सुरू केला आणि स्क्रीन गोठली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. कॉम्प्युटरमधली प्रत्येक वस्तू लहान लहान त्रिकोणांची बनलेली असते. त्रिकोण जास्त झाले की मशीनला धाप लागते. गौतमीनं एकेक दगड वेगळा घडवला होता, त्याचे टवके, त्याच्या चिरा, सगळं खरंखुरं. एका भिंतीचंच ओझं मशीनला पेलत नव्हतं.

"असं का झालं?" सरांनी विचारलं.

"बॅकग्राउंड हेवी झालंय सर," सत्यजीत म्हणाला.

त्रिकोण किती वापरायचे याची मर्यादा ठरली होती. ती कँटीनमध्ये ठरली होती, एका संध्याकाळी, आणि गौतमीला सांगायची राहून गेली होती. हे स्नेहलला त्याच क्षणी आठवलं. तिनं गौतमीकडं बघितलं. गौतमी खाली टेबलाकडं बघत होती.

"भिंत सुंदर आहे," सर म्हणाले. "पण ती कुणाला दिसतच नसेल तर काय उपयोग? हलकी करा."

त्या दिवशी गाडीत तिनं चित्राची वही काढली नाही. घरी आली तेव्हा चांगुणा दवाखान्यातून येऊन भाजी निवडत बसली होती. आईच्या शेजारी बसून तिनं माठाची जुडी पुढं ओढली आणि पानं तोडता तोडता सगळं सांगितलं.

चांगुणानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तू बोलली का तवा?"

"न्हाई."

"आन् आधी कवा बोलली हुतीस?"

गौतमी माठाची पानं तोडत राहिली.

"मग त्यांना कसं गं कळणार? त्यांना वाटतंय तुला चालतंय." चांगुणानं देठं बाजूला सारली. "मी घरी तुझ्या पप्पाला बी सांगितल्याबिगर काई कळत न्हाई. ती तर परकी पोरं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौघं एकत्र बसली असताना गौतमी म्हणाली, "मला एक सांगायचंय." तिचा आवाज कापत होता, म्हणून ती एक घोट पाणी प्यायली. "त्रिकोणांची मर्यादा मला कुणी सांगितली नव्हती. ऊन बदललं तेही नाही, तटाचंही नाही. इथून पुढं जे काही ठरेल ते जेवणाच्या सुट्टीत ठरेल, मी असताना. तसं होणार नसेल तर मी सरांना सांगून एकटीनं काम करते. नापास झाले तरी हरकत नाही."

सत्यजीत डबा खाता खाता थांबला. "म्हणजे आम्ही मुद्दाम केलं असं म्हणायचंय तुला?"

"मुद्दाम नाही. पण झालं."

"मग तेव्हाच बोलायचंस ना. प्रत्येक वेळी चालेल, चालेल म्हणायचीस."

"ते माझं चुकलं," गौतमी म्हणाली. "आता नाही म्हणणार."

सत्यजीतला ते झोंबलं होतं. तो उठून हात धुवायला गेला. स्नेहल म्हणाली, "मला तिचं पटतंय. आणि काल सरांसमोर मी बोलायला पाहिजे होतं." आयुषनं मोबाइलमधून मान वर करून म्हटलं, "मला लंचच बरा, हल्ली संध्याकाळी मला कामं असतात." सत्यजीत परत आला तेव्हा निकाल लागलेला होता. तो जरा वेळ घुश्शात होता. मग डबा पुढं करत म्हणाला, "ठेचा घे. आणि ती भिंत हलकी कशी करायची ते बघू. तुझी चित्रं तशीच ठेवता येतील. खरे टवके काढून टाकू, आणि नुसत्या रंगानं टवके असल्याचा भास करू."

तसंच केलं. गौतमीनं भिंत पुन्हा घडवली. यावेळी सपाट, आणि सगळे खाचखळगे नुसत्या रंगात. काम वेगळं होतं, पण चित्रकाराचंच होतं. आठवड्यानं गड सुरू झाला, तेव्हा स्क्रीन गोठली नाही.

ऑक्टोबरात आयुष कॉलेज सोडून गेला. त्याला कॉल सेंटरला नोकरी लागली होती. संध्याकाळची त्याची कामं म्हणजे तिथलं ट्रेनिंग होतं. जाताना त्यानं दोन अर्धवट मावळे मागं ठेवले. एकाला हात नव्हते.

सत्यजीतनं डोक्याला हात लावला. मग गौतमीकडं वळून म्हणाला, "माणसं तू कर. तुझे चेहरे बघितलेत मी. तुझ्याइतकं इथं कुणाला जमणार नाही."

वर्षाच्या सुरुवातीपासून तिला जे हवं होतं ते समोर आलं होतं. तिनं एक दिवस मागून घेतला. जाता-येता गाडीत बसून तिनं हिशेब मांडला. मावळे घडवायचे, त्यांना कपडे, शस्त्रं, मग स्नेहलनं त्यांना चालवायचं, लढवायचं. डिसेंबरपर्यंत हे होणं शक्यच नव्हतं. फार तर दोन-तीन ठोकळे उभे राहिले असते, आणि चांगला झालेला गडही त्यांच्यापायी हास्यास्पद दिसला असता.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माणसं नकोच."

"म्हणजे?"

"गड रिकामा ठेवू. वेढा वगैरे काही नाही. माणसं कुठंतरी खाली गेलीत. गडावर फक्त एक शेळी आहे. तिचं करडू आत कुठंतरी हरवलंय. शेळीच्या मागं मागं जायचं आणि करडू शोधायचं. गड आपला चांगला झालाय, लोकांना तोच दिसू दे. स्नेहलला एकच जनावर करायचंय, ते ती नीट करेल."

सत्यजीतला आपला वेढा सोडवेना. पहिल्या दिवसापासून त्यानं डोक्यात लढाई रंगवली होती. शेवटी त्यानं विचारलं, "तुला माणसं करायची होती ना? स्नेहल सांगत होती."

"होती. पुढं करीन."

आपली लढाई त्यानं तिथंच सोडली.

स्नेहलनं आयुष्यात शेळी जवळून पाहिली नव्हती. म्हणून एका रविवारी तिघं सत्यजीतच्या गावी गेली. गोठ्याशेजारी त्यांच्याकडं चार-दोन शेळ्या होत्या. स्नेहल सकाळभर त्यांच्या मागं फिरली. शेळी चढाला पाय कसा टाकते, थांबली की कान कसे फिरवते, ओळखीचं माणूस आलं की मान कशी वर करते. ती स्वतः दोन पावलं टाकून बघायची आणि गडीमाणसं तोंडाला पदर, टॉवेल लावून हसायची. गौतमी शेळीच्या अंगावरचे रंग टिपत होती.

दुपारी सत्यजीतच्या आईनं, विठाबाईंनी, सगळ्यांना ओसरीवर चहाला बसवलं. बाई मायाळू होत्या. स्नेहलची चौकशी झाली, मग गौतमीला विचारलं, "आन् तुमचं आडनाव काय म्हनला?"

"ओव्हाळ. दौंडची."

"आस्सं," विठाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ट्रेमध्ये स्टीलचे दोन कप होते आणि एक कान तुटलेला काचेचा. तो काचेचा कप त्यांनी गौतमीच्या बाजूला ठेवला. गौतमीनं असे कप पूर्वी पाहिले होते. तिनं हात पुढं केला नाही.

सत्यजीतनं आईकडं बघितलं. मग त्यानं तो काचेचा कप उचलला आणि आपला स्टीलचा कप गौतमीसमोर सरकवला. विठाबाई म्हणाल्या, "आरं, त्यो..." सत्यजीत चहा प्यायला, कप स्वतः विसळला आणि आत जाऊन मांडणीवर बाकीच्या कपांच्या रांगेत ठेवून आला.

फाट्यावर एसटीची वाट बघताना तो खालच्या मानेनं म्हणाला, "आई जुन्या वळणाची हाय. मला आधी सुचायला पाहिजे होतं."

"मी बघितलं तू काय केलंस ते," गौतमी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "दिवाळीला लॅब बंद राहणार. तुझ्या गावाला वीज असते का?"

"दिवसाचे निम्मे तास लोडशेडिंग."

"आमच्या कॉलनीत सहसा जात नाही. रेल्वेची लाइन आहे. तुझा कॉम्प्युटर आमच्याकडं घेऊन ये. स्नेहललाही जमलं तर यायला सांग."

दिवाळीच्या सुट्टीत सत्यजीत चुलत्यांच्या जीपमध्ये आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून न्हावरा, चौफुला, वरवंड, पाटस करत दौंडला आला. क्वार्टरच्या दारात आबा खुर्ची टाकून बसले होते. सत्यजीतनं वाकून पाया पडायला हात पुढं केले तर आबांनी ते हात धरून त्याला उभं केलं आणि म्हणाले, "जयभीम."

सत्यजीत क्षणभर घुटमळला. त्याच्या तोंडून हा शब्द पूर्वी कधी निघालेला नव्हता. मग म्हणाला, "जयभीम, आबा."

बाहेरच्या खोलीत टेबल लागलं. स्नेहल सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. गौतमी रोज करते तसा प्रवास उलट दिशेनं. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "तू हे वर्षभर कसं करतेस गं?" आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागली. चांगुणा ड्युटीवरून आली की सगळ्यांना जेवायला वाढायची. सत्यजीत तिच्या हातच्या बोंबलाच्या कालवणावर इतका खूश झाला की त्यानं कसं करतात ते विचारून घेतलं. विनोद सुट्टीवर आले होते, ते मागं उभं राहून स्क्रीनकडं बघायचे आणि हळूच विचारायचे, "हे सगळं पोरांनी केलं व्हय?" रांजणगावच्या खोलीत आता काय सांगायचं, हे त्यांना कळू लागलं होतं.

सुट्टी संपत आली तेव्हा गड सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू लागला. कुणा नवख्या माणसाच्या हातात देऊन बघायचं होतं. गौतमीनं आबांना बोलावलं. सत्यजीतनं त्यांना माऊस धरायला शिकवलं, बाण कुठला दाबला की पुढं जातं ते दाखवलं. आबा चष्मा पुसून बसले.

शेळी त्यांच्यापुढं टुणटुण चढ चढली. आबा तिच्या मागं गेले. पायऱ्या आल्या, त्या चढले. "दगूड झ्याक हाय," म्हणाले. मग गडाचा दरवाजा आला. दरवाजा सताड उघडा होता. शेळी आत गेली. आबा बाहेरच थांबले.

"आबा, पुढं चला की," सत्यजीत म्हणाला. "आत करडू आहे."

"आत कोण ऱ्हातं?"

"कुणी नाही. रिकामा आहे."

आबांनी बाणावरचं बोट उचललं होतं. स्क्रीनवर दरवाजा तसाच उघडा दिसत होता. "दार उघडं हाय," ते म्हणाले, "पर कुणी या म्हणलं न्हाई. कुणाच्या बी दारात असं शिरायची आपल्याला सवं न्हाई, पोरा."

सत्यजीतनं मान खाली घातली. गौतमी आजोबांच्या हाताकडं बघत होती. तिला वाटलं होतं, उघडं दार दिसलं की माणूस आत जाणारच. दार काढताना तिनं त्याच्या खिळ्यांचा, गंजाचा, लाकडाच्या रेषांचा विचार केला होता. दारात येणाऱ्या माणसाचा केला नव्हता.

"स्नेहल," ती म्हणाली, "शेळी आत जाऊन थांबली पाहिजे. मागं वळून बघितलं पाहिजे. बघणारा आत आला नाही तर तिनं परत दारापर्यंत यायचं."

स्नेहलनं पेन्सिल उचलली. "आणि ओरडायचं," ती म्हणाली. "ओळखीच्या माणसाकडं बघून मान वर करते तशी."

"उंबऱ्यावर मी ओंजळभर उजेड टाकते," गौतमी म्हणाली. "आत दिवा लावलाय असं वाटेल."

दोन दिवस त्यांनी फक्त त्या दारावर काम केलं. सत्यजीतनं शेळीला परत यायला शिकवलं. पहिल्यांदा ती भिंतीतून आरपार निघून गेली, मग हवेत चालली, शेवटी शहाण्यासारखी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आबांना पुन्हा बसवलं. ते दारात थांबले. शेळी वळली, दोन पावलं मागं आली, त्यांच्याकडं बघून ओरडली.

आबा हसले. "आलो, आलो बये," म्हणाले, आणि बाण दाबून आत गेले. नंतर करडू सापडेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.

डिसेंबरात सगळ्या वर्गासमोर सादरीकरण झालं. बाहेरून दोन पाहुणे आले होते, पुण्यातल्या एका स्टुडिओतले. गौतमीनं बोलायचं असं गटानं जेवणाच्या सुट्टीत ठरवलं होतं. ती सुरुवातीला अडखळली, मग गडाच्या भिंतींवर आली आणि सावरली. मध्येच एका बुरुजापाशी शेळी कोपऱ्यात अडकली आणि जागच्या जागी पाय हलवत राहिली. वर्ग हसला. सत्यजीतनं धडपडत तिला सोडवलं.

पाहुण्यांपैकी बाईंनी माऊस हातात घेतला. त्याही दारापाशी थांबल्या. शेळी परत आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे कुणाला सुचलं?"

"माझे आजोबा दारात थांबले होते," गौतमी म्हणाली आणि का थांबले तेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापला नाही. बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या.

पहिला नंबर दुसऱ्या गटाला मिळाला. त्यांचं जहाज खरंच सरस झालं होतं. गौतमीच्या गटाला सरांनी अडकलेल्या शेळीबद्दल आणि ओसाड वाटणाऱ्या मागच्या बाजूबद्दल बोल लावले. मग म्हणाले, "पण जागा कुणासाठी उभी करायची असते, ते तुम्हा तिघांना कळलंय. ते मला शिकवता येत नाही."

त्यानंतरच्या सहामाहीत गट बदलले. गौतमीला अखेर माणसं करायला मिळाली. पहिली घडवली ती केडगावची भाजीवाली बाई, जिच्या नाकाबद्दल कुणी तक्रार करू शकलं नसतं. सत्यजीतच्या घरचं काही एका दिवसात बदललं नाही. पण पुढच्या दिवाळीत तो कॉम्प्युटर न घेताच दौंडला आला. सोबत विठाबाईंनी दिलेला चकल्यांचा डबा होता. तो त्यांनी आपणहून दिला की सत्यजीतनं मागून घेतला, हे गौतमीनं विचारलं नाही. चांगुणानं डबा रिकामा करून त्यात अनारसे भरून दिले.

पदवी झाल्यावर स्टुडिओतल्या त्या बाईंनी गौतमीला मुलाखतीला बोलावलं आणि कामावर घेतलं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी स्नेहल दौंडला आली, तिला घेऊन जायला. दोघींनी मिळून पुण्यात एक खोली पाहिली होती. आबा फाटकापर्यंत पोचवायला आले, बॅग त्यांनी कुणाला धरू दिली नाही. स्टेशनवर गाडी लागलेलीच होती. खिडकीशी बसल्यावर गौतमीनं सवयीनं वही काढली. समोर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, लेकरू झोपेत ओठ हलवत होतं. स्नेहल वाकून बघायला लागली, आणि गाडी पाटसच्या दिशेनं निघाली तेव्हा पानावर कपाळाची पहिली रेघ उमटली होती.